तीन मुठी माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — प्रार्थनेत मी ह्या जागेपर्यंत यायचे आणि मग घाईघाईने आजाऱ्यांची नावं घ्यायला लागायचे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बसल्यावर कळतंय की तसं काही नाही. चहाही गार झाला. तरी सांगते.

आधी माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण हे सगळं त्यांच्या एका प्रश्नाभोवती फिरतं. त्यांचं नाव राहेलबाई. मूळच्या जालन्याकडच्या, लग्नानंतर सासऱ्यांच्या कंपनीमुळे पिंपरीत आल्या आणि पुढे पिंपळे गुरवला आमच्या घरात शेवटपर्यंत राहिल्या. रोज संध्याकाळी आमच्याकडे घरची प्रार्थना असायची. डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटायच्या आधी, त्या सगळ्यांकडे एकदा बघायच्या आणि विचारायच्या, "कुणाचं काही राहिलंय का?" म्हणजे — दिवसभरात कुणाशी भांडलात, कुणाशी खोटं बोललात, मनात काही अडकलंय, तर आत्ताच बोला, मग आमेन. माझी मुलगी कृपा लहानपणी रोज काहीतरी कबूल करायची, कधी कधी न केलेलंसुद्धा. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक थट्टा करायचे, की राहेलबाईंचं ‘राहिलंय का’ झाल्याशिवाय त्या घरात कुकर उघडत नाही.

हे तुम्ही कुठून काढलंत, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांना माझंच नवल वाटलं. "अगं, सगळे उठणार नाहीत का? परत समोरासमोर यायचंय. तवा खाली मान घालायची पाळी कशाला?" बस्स, एवढंच. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस मेला म्हणत नाहीत, प्रभूमध्ये निजला म्हणतात. कबरीच्या फरशीवरही तेच कोरतात. बऱ्याच जणांसाठी ती नुसती बोलायची पद्धत असते. आईंना — मी त्यांना आईच म्हणायचे — ते जसंच्या तसं खरं होतं. निजलाय ना? मग उठणार. सोसायटीच्या वॉचमनशी पाण्यावरून त्यांचा वाद झाला, तर दुखरे गुडघे घेऊन संध्याकाळी खाली उतरल्या आणि त्याच्याशी गोड बोलून आल्या. मी म्हटलं, आई, उद्या बोलला असतात. तर म्हणाल्या, "तो बी उठणारच की, बाई."

मला ह्याची भारी गंमत वाटायची. माझा स्वभावच चौकशीखोर. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत मी तपासणीला आहे. दिवसभर दोष शोधायचे आणि घरी येऊन आईंना प्रश्न विचारायचे. उठल्यावर माणूस कुठल्या वयाचा असेल? चष्मा लागेल का? आनंदचं — माझ्या नवऱ्याचं — डाव्या हाताचं एक बोट प्रेस मशीनमध्ये पेरभर गेलं होतं, ते परत येईल का? आई भाजी निवडता निवडता विचार करायच्या. चष्मा नसेल, असं त्यांनी लगेच सांगितलं. बोटाला वेळ घेतला. मग एका सकाळी म्हणाल्या, बोट येईल, पण वण राहील, नाहीतर ओळखायचं कसं? आणि तो शब्द तरी कसा बघा — आपल्याकडे एखादा आयुष्यातून उठला म्हणजे त्याचं वाटोळं झालं, आणि आई ‘उठणार’ म्हणाल्या की सगळं नीट होणार. हे मी बोलून दाखवलं, तर त्या हसून म्हणाल्या, "ज्याला जसं उठायचंय तसं."

मी स्वतः मानत होते का? खरं सांगू? आमच्या लाइनवर एखादा नग चांगला की वाईट हे ठरवता आलं नाही, की त्याला पिवळा स्टिकर लावून बाजूला ठेवतात. त्याला होल्ड म्हणतात. ईस्टरच्या पहाटे पाळकसाहेब "ख्रिस्त उठला आहे" म्हणायचे आणि आम्ही सगळे "खरोखर उठला आहे" म्हणून उत्तर द्यायचो. मी तर चांगल्या खणखणीत आवाजात. पण आत ते सगळं होल्डवर होतं. तो काही माझा कबुलीजबाब नाही. तसे खूप जण असतात. मला सांगायचंय ते दुसरंच आहे, आणि बघा ना, मी अजून त्याच्या आसपासच फिरतेय.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आनंद गेला. घरात आई तापाने पडलेल्या, कृपा बारावीत, तिच्याही अंगात ताप. मला काही झालं नव्हतं, म्हणून सगळीकडे मीच. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. मी आईंना सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "जा. त्याला नीट ठेवून ये. आमच्या दोघींच्या नावानं बी माती टाक." आमच्यात पेटी खाली उतरवली की प्रत्येक जण एक मूठ माती टाकतो. आपला म्हणवणाऱ्याने तर टाकायचीच.

मी गेले. म्हणजे — घरातून निघाले.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी शववाहिका उभी होती. तिच्यावरच्या माणसाने विचारलं, ताई, पुरायचं का जाळायचं? पोळी का भात, असं विचारावं तसं. त्याचा काही दोष नाही, त्याला दिवसभर तेच विचारायचं होतं. पुरायचं असेल तर घरचे दोघं लागतील, म्हणाला. किट देतो, उतरवायला हात लावावा लागेल, आणि तिकडे रांग आहे. आमचे पाळकसाहेब स्वतः ऑक्सिजनवर होते. मंडळीतल्या दोन घरी मी फोन केले, तिथेही तीच परिस्थिती. मग मी विचारलं, आणि जाळायचं असेल तर? त्याला काही लागत नाही, म्हणाला. आम्हीच करतो. तुम्ही नाही आलात तरी चालतं.

मी म्हटलं, जाळा.

इथे जरा थांबते, नाहीतर तुम्ही माझी बाजू घ्यायला लागाल. जाळलं हा माझा दोष नाही. त्या दिवसांत आमच्यातल्या किती जणांना अग्नी द्यावा लागला. पाळकसाहेब बरे होऊन आल्यावर त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, की मातीतून उठवणाऱ्याला राख काय जड आहे. मी त्याच दिवशी घरी खरं सांगितलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. माझा दोष पुढे आहे. ‘तुम्ही नाही आलात तरी चालतं’ — मला एवढंच ऐकायचं होतं. वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीजवळ मला उभं राहायचं नव्हतं. मला लागण होईल, मी मरेन, अशी भीती वाटत होती. गाडी निघाली आणि मी तिच्यामागे गेले नाही.

मग कुठे गेले? लगेच घरी जाता येईना. एवढ्यात कुणाला पुरून होत नाही. सांगवीकडच्या रस्त्यावर एक बसस्टॉप होता, बस तर बंदच होत्या, तिथे बसले. पर्समध्ये ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता, आनंदसाठी घेतलेला. मला भूक लागली होती. मी तो सगळा पुडा खाल्ला. ह्याचा मी कितीदा विचार केलाय — भूक कशी लागली असेल मला? पण लागली. आणि निघताना मला आईंची नजर आठवली. स्टॉपच्या मागे, रस्त्यातल्या झाडांसाठी टाकलेला मातीचा ढीग होता. मी वाकले. उजव्या हाताला माती चोळली. थोडी नखांत जाऊ दिली, थोडी ओढणीला पुसली. मग घरी गेले.

घरी मी आईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जे झालंच नाही ते. नवी जागा नव्हती म्हणून पप्पांच्याच कबरीत ठेवलं, असं सांगितलं. पप्पा म्हणजे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि जागा कमी असल्यामुळे आमच्यात घरच्या माणसाला घरच्याच कबरीत ठेवायची रीत आहे. खोटं बोलतानाही मी सोय बघितली — नवी कबर दाखवायला नको. अगदी हळू उतरवलं, म्हटलं. तीन मुठी माती टाकली. एक तुमच्या नावाने, एक कृपाच्या, एक माझ्या. आई अंथरुणात उठून बसल्या. माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "ह्याच हातानं?" मी मान हलवली. मला हात धुवायला जायचं होतं, त्या सोडेचनात. हातावरची माती त्यांनी आपल्या पदराच्या टोकात झाडून घेतली, गाठ मारली, आणि ताप उतरल्यावर गॅलरीतल्या सदाफुलीच्या कुंडीत टाकली.

त्या संध्याकाळीही त्यांनी विचारलं, पडल्या पडल्या. कुणाचं काही राहिलंय का? मी म्हटलं, नाही, आई.

पुढे स्मशानातून फोन आला, अस्थी घेऊन जा म्हणून. येते म्हटलं आणि गेले नाही. खूप दिवसांनी चौकशी केली, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, कुणी न नेलेल्या सगळ्या एकत्र नदीत सोडल्या. कुठल्या नदीत? ते त्याला सांगता येईना. कंपनीच्या बसने चाकणला जाताना मला आधी पवना लागते, मग मोशीला इंद्रायणी. दोन्ही पुलांवर मी खिडकीतून खाली बघते. उन्हाळ्यात जलपर्णीमुळे पाणीच दिसत नाही. ह्यातून कुणी उठायचं म्हटलं तर कसं उठेल? वर येताना ते हिरवं सगळं बाजूला सारावं लागेल का? असले प्रश्न मला अजून पडायचे, पण ते ज्यांना विचारायचे त्यांनाच आता विचारता येत नव्हते.

आई मात्र दर रविवारी उपासनेनंतर दफनभूमीत जायला लागल्या. पप्पांच्या नावाखाली त्यांनी आनंदचं नाव कोरून घेतलं. त्या दिवसांत कोण कुठे पुरलं ह्याची नीट नोंद कुणीच ठेवली नव्हती, म्हणून कुणी काही विचारलं नाही. रडायला जायच्या नाहीत, घरातलं काय चाललंय ते सांगायला जायच्या. कृपाला माणला आयटीत नोकरी लागली, तेव्हा शेजाऱ्यांना पेढे देण्याआधी त्या तिथे जाऊन आल्या. आणि त्यांना एक भलतीच काळजी असायची. "आनंद वर हाय, हे खाली. म्हणजे आधी आनंद उठला पाहिजे, मग ह्यांना निघता येईल. आन आनंदला तर सकाळी उठायचा कोण कंटाळा!" म्हणून मला त्या दोघांच्या वर ठेवा, म्हणायच्या, मी हलवून उठवीन. मी हसायचे. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी मनापासून हसायचे, आणि त्या वेळी मला काही आठवायचंही नाही.

मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांचे धाकटे भाऊ, याकोबकाका, वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. दफनभूमीत नवी जागा उरली नव्हती, तेव्हा मंडळीच्या पंचांनी ठरवलं की आमच्या घरचीच कबर उघडायची. मी विरोध केला. कोरोनाचा मृतदेह आहे, इतक्यात उघडणं बरं नाही, काय काय बोलले. पंच म्हणाले, चार वर्षं झाली वहिनी, आता कसली भीती? आईंना तर बरंच वाटलं. आनंदला सोबत होईल, म्हणाल्या.

सकाळची वेळ. काकांची पेटी बाजूला ठेवलेली, माणसं झाडाच्या सावलीत, आई फाटकाजवळ खुर्चीवर. मी कबरीपासून लांब उभी होते. बराच वेळ फावड्याचा आवाज येत होता, तो थांबला, आणि खणणाऱ्याने खालून हाक दिली, "आवं, हितं येकच हाय. म्हातारं मानूस. दुसरं न्हाई कुनी." पंच म्हणाले, मातीने खाल्लं असेल. "आन पिशवी? पलास्टिकची पिशवी बी मातीनं खाल्ली व्हय?"

आणि मी काय केलं असेल? मी पुढे गेले आणि वाकून आत बघितलं. तिथे काय नाही हे सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं. तरी बघितलं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं — खरंच? उठला का हा? त्या क्षणाचं मला अजून फार कुतूहल आहे. इतकी वर्षं होल्डवर ठेवलेलं सगळं तेवढ्यापुरतं पास झालं होतं, आणि तेही माझ्याच खोट्यामुळे.

मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मार्थाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. "उठला गं बाई! तुझा आनंद उठला!" मी त्यांना नाही म्हटलं नाही. मला रडू फुटलं ते लाजेने, पण बघणाऱ्यांना ते वेगळं वाटलं. पाळकसाहेबांनी भराभर प्रार्थना सुरू केली. कुणी मार्थाबाईंचं खरं मानलं, बहुतेकांनी नाही मानलं. पण त्या आठवड्यात दोन बायका घरी येऊन माझ्या हाताला हात लावून गेल्या. उजव्याच. कृपाने मला सरळ विचारलं, मम्मी, असं कसं झालं? मी म्हटलं, पिशवी त्या लोकांनी वरच काढली असेल, बाकी मातीने खाल्लं. ती म्हणाली, तू होतीस ना तिथे, मग झालं.

आईंना काय वाटलं? मार्थाबाईंनी फाटकापाशी धावत जाऊन त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, आता ह्या आनंदाने वेड्या होतील. पण त्यांनी फक्त रिक्षा बोलवायला सांगितलं. रिक्षात बसल्यावर, रस्त्याकडे बघत, म्हणाल्या, "उठला असता तर आधी घरी आला असता. भूक लागली असती त्याला." आणि माझ्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे.

संध्याकाळी पदर घेऊन त्यांनी विचारलं, कुणाचं काही राहिलंय का? कृपाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारून थांबल्या. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती सुरू होऊन निघून गेली तरी थांबल्या. मी म्हटलं, नाही, आई.

मग रोजच तसं व्हायला लागलं. त्या रोज थांबायच्या आणि मी रोज नाही म्हणायचे. त्या रागावणार नाहीत हे मला माहीत होतं. मग अडत काय होतं? मी स्वतःला उलटसुलट करून तपासलंय, काम तेच आहे माझं. जाळल्याचं मी सांगू शकले असते. न गेल्याचंही, कदाचित. पण ती हाताला चोळलेली माती — ती मला सांगता येत नव्हती. भीतीने माणूस पळतो, ते कुणालाही कळेल. पण थांबून, वाकून, नखांत माती घालणं? त्या वेळी मला भीतीही वाटत नव्हती. मी फक्त काम नीट करत होते.

रविवारी दफनभूमीत जाणं आईंनी बंद केलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं. नाताळच्या आधी कृपा त्यांना चिडवत होती, काय आजी, आजोबांच्या नि पप्पांच्या वर झोपून त्यांना उठवणारेस ना? तर म्हणाल्या, "मला कुठं बी ठेवा गं. उठायचंच हाय." बोलल्या कृपाशी, पण ते मला होतं. राख काय, नदी काय, त्यांना चालणार होतं. त्यांनी माझी वाट मोकळी करून दिली होती. मी उठले आणि डाळीला फोडणी द्यायला गेले.

जानेवारीत एका दुपारी त्या निजल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. काकांना ठेवून वर्षही झालं नव्हतं, म्हणून घरची कबर उघडता आली नाही; त्यांना शहराबाहेरच्या दफनभूमीत जागा मिळाली, एकटीला. पेटी खाली गेली. मी माती उचलली आणि माझी मूठ उघडेना. कृपाने हळूच माझी बोटं सोडवली, माती आपल्या हातात घेतली आणि कानाशी म्हणाली, मम्मी, पप्पांच्या वेळी तू आमच्या नावाने टाकलीस ना, आज तुझ्या नावाने मी टाकते. तिने टाकली.

परवा ईस्टर झाला. पहाटे सगळ्यांबरोबर मीही "खरोखर उठला आहे" म्हटलं, आणि ह्या वेळी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कारण आता मी मानते. कधीपासून, ते सांगता येणार नाही, पण मानते, आणि त्यात मला काही समाधान नाही. आई उठतील. आनंद उठेल, पवनेतून किंवा इंद्रायणीतून, बोटावरच्या वणासकट. आणि दोघं आधी घरीच येतील, भूक लागलेली असेल त्यांना. आई जेवायला बसायच्या आधी माझा हात मागतील.

आता संध्याकाळची प्रार्थना कृपा घेते. माणहून येते, लॅपटॉपची बॅग सोफ्यावर टाकते, हातपाय धुऊन ओढणी डोक्यावर घेते. घरात आम्ही दोघीच, तरी आईंसारखीच आधी सगळीकडे नजर फिरवते. काल तिने विचारलं, "मम्मी, काही राहिलंय का?"

मी म्हटलं, नाही. मग आम्ही डोळे मिटले.